खेळातला राग पाण्यावरच्या रेघेइतकाच



आजचा विषय जरा वेगळा आहे. लोणचं नाही, पारण्याचे पदार्थ नाहीत, चातुर्मासाचे नियमही नाहीत. आज मोबाइलवरच्या खेळांबद्दल लिहितेय. ते बंद कसे करावेत हे सांगायला नाही, त्यावर आपल्या मंडळात भरपूर बोलून झालंय. हे खेळ खेळताना मुलं आपल्याच टीममधल्या अनोळखी साथीदारांवर चिडतात, ओरडतात, कधी रडकुंडीला येतात, त्या रागाबद्दल लिहायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलगा खेळात हरला की जिंकला याची काळजी आपण करू नये. त्याच्या टीममधल्या अवघड माणसाशी तो कसा वागतो, याकडे मात्र नीट लक्ष द्यावं. आज जी सवय लागेल तीच उद्या त्याच्याबरोबर दुकानात, नोकरीत आणि संसारात जाणार आहे.

ज्यांच्या घरात अजून हे खेळ आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी पबजी नावाचा खेळ होता. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने एकशे अठरा अॅपवर बंदी घातली, त्यात तोही गेला. २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी वेगळ्या नावाने आला, त्याला मुलं बीजीएमआय म्हणतात. २०२२ च्या जुलैत तोही दुकानातून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. ज्यांच्याकडे साधा फोन असतो ती मुलं बहुधा फ्री फायर खेळतात. बीजीएमआयमध्ये शंभर जण एका बेटावर उतरतात, चार-चार जणांच्या टीम असतात, आणि शेवटपर्यंत जी टीम टिकते ती जिंकते. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. घरचे चार जण एकत्र नसतील तर कंपनीच कुठलेतरी तीन अनोळखी साथीदार जोडून देते. मुलं त्यांना ‘रँडम’ म्हणतात. एक पाटण्याचा, एक सुरतेचा, एक कुठला कोण जाणे, आणि एक आपला शहाद्याचा. ओळख ना पाळख, आणि अर्धा तास एकमेकांच्या जिवावर खेळायचं. भांडण होणार नाही तर काय होणार?

जिंकल्यावर पडद्यावर ‘चिकन डिनर’ असं येतं. माझ्या नातवाने पहिल्यांदा “आजी, डिनर मिळालं!” असं ओरडून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चोविहारचा नियम आहे ना रे आज? मग त्याने समजावून सांगितलं. भारतासाठी काढलेल्या खेळात रक्ताचा रंग हिरवा दाखवण्याची सोय आहे आणि माणूस ‘मारला’ असं न म्हणता ‘संपवला’ असं म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं.

इथे तुमच्यातल्या पुष्कळ जणी म्हणतील, मग बोलायचं काय राहिलं? हा खेळच हिंसेचा आहे. यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने खरा कोंबडा मारला नाही, आईच्या आग्रहाखातर पिठाचा केला आणि त्याचा बळी दिला, तरी त्या भावाचं फळ त्याला आणि त्याच्या आईला जन्मोजन्मी भोगावं लागलं. भावहिंसा म्हणजे काय हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. मलाही बंदुकीचा खेळ आवडत नाही. माझ्या हातात असतं तर पोरांनी कॅरम, बुद्धिबळ, खो-खो खेळावं असंच मी ठरवलं असतं. माझी ही नाराजी मी नातवापासून लपवत नाही.

पण त्यातही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडद्यावरच्या बाहुल्याला गोळी मारताना मुलाच्या चेहऱ्यावर द्वेष नसतो, पळापळीची मजा असते. खरा कषाय चढतो तो आपल्याच साथीदारावर. तो बाहुला नसतो, माणूस असतो, त्याला कान असतात. त्याला दिलेली शिवी खरीच त्याच्या कानात जाते. म्हणजे त्या अर्ध्या तासातली सगळ्यात खरी हिंसा शत्रूशी होत नाही, टीममध्येच होते. रक्ताचा रंग हिरवा करता येतो, शिवीचा रंग कसा बदलणार? म्हणून खेळ सुटायचा तेव्हा सुटेल, पण तोपर्यंत हे तरी सुधारायला हवं, असं मला वाटतं.

हे खेळ लवकर जाणारेही नाहीत. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्सला पदकं होती आणि आपला भारतीय संघही तिथे खेळला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या पर्युषणाच्या सुमारास, संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली, त्यांच्या जाहिरातीही बंद. हे फार चांगलं झालं. जुगार हे सप्त व्यसनांतलं पहिलं व्यसन. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणजे उद्या आपल्याच एखाद्या पोराला पुण्या-मुंबईच्या संघात बोलावणं येऊ शकतं. तेव्हा त्याला नेम किती चांगला येतो याच्याबरोबर चार जणांत राहता येतं का, हेही बघितलं जाणार.

आता रागाचं मूळ कुठे आहे ते बघू. माझा नातू पंधरा वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी त्याच्या खोलीतून असे शब्द ऐकू आले, जे आमच्या घरात कधी कुणी उच्चारले नव्हते. मी आत गेले नाही. डाव संपल्यावर तो पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “त्याच्यामुळे हरलो. मी खाली पडलो होतो, त्याने मला उठवायचं सोडून गाडी घेतली आणि निघून गेला. रोज असाच कुणीतरी नूब मिळतो.” नूब म्हणजे नवशिका, पण शिवीसारखा वापरतात.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आपला खानदेश पुणे विद्यापीठाखाली होता, जळगावचं विद्यापीठ १९९० साली झालं. शिकलेलं पुष्कळसं विसरले, पण एक गोष्ट अंगात राहिली. तोंडी हिशेबावर विश्वास ठेवायचा नाही, लिहून काढायचं. मी नातवाला एक जुनी वही दिली आणि म्हटलं, आठ दिवस रोजमेळ लिही. डाव हरलास की एका ओळीत कारण लिहायचं. साथीदाराची चूक, तुझी घाई, रेंज किंवा बॅटरी, नाहीतर समोरचे खरोखरच चांगले खेळले. खोटं लिहायचं नाही, मी तपासणारही नाही.

आठ दिवसांत तेवीस डाव झाले. दोन जिंकला, एकवीस हरला. त्या एकवीसांत साथीदाराची चूक पाच वेळा, स्वतःची घाई नऊ वेळा, रेंज-बॅटरी तीन वेळा आणि समोरचे वरचढ चार वेळा. हे आकडे त्याने स्वतः लिहिले, मी काही बोलले नाही. तोच वही बघत बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “मला वाटलं होतं सगळेच त्यांच्यामुळे हरतो.” बायांनो, पाच वेळा खरोखरच दुसऱ्याची चूक होती, हेही लक्षात घ्या. त्याचा राग अगदीच खोटा नव्हता. पण पाचाचा त्याने एकवीस केला होता. आपणही असंच करतो. जावेने एकदा भांडी तशीच ठेवली की आपल्या तोंडी येतं, ही कायमच अशी.

हे जे पाचाचं एकवीस होतं ते क्रोधामुळे होत नाही, मानामुळे होतं. चार कषायांत क्रोध दिसतो, मान दिसत नाही. या खेळांत रँक असते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सगळ्यात वर कॉन्करर. ती रँक नावापुढे झळकते. एक डाव हरला की गुण उतरतात. मुलगा चिडतो तो साथीदाराने उठवलं नाही म्हणून कमी आणि मित्रांत आपली रँक खाली दिसेल म्हणून जास्त. बाहुबलींची गोष्ट आठवा. भरताशी त्यांची लढाई सैन्याने झाली नाही, दोघा भावांनी आपापसांत स्पर्धा केली. बाहुबली जिंकत असतानाच सगळं सोडून ध्यानाला उभे राहिले. वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. धाकट्या भावांना वंदन कसं करू एवढा एकच मान आत उरला होता. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन हत्तीवरून खाली उतरायला सांगितलं तेव्हा त्यांना ते कळलं. मी नातवाला एवढंच म्हणते, “हत्तीवर आहेस का खाली?” तो हसतो. हसला की निम्मा राग तिथेच गेला.

दुसरी गोष्ट अनेकांताची. या खेळात प्रत्येकाला आपलाच पडदा दिसतो. तू भिंतीच्या मागे पडलेला असतोस, तुला फक्त एवढंच दिसतं की साथीदार निघून गेला. त्याला कदाचित तुला न दिसणारे दोन शत्रू दिसत असतील. आणि खेळाबाहेरचं तर कुणालाच काही दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात हे किती खरं आहे! धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात शिरलं की रेंज येते-जाते. तिकडचा एखादा मुलगा घराबाहेर उंचवट्यावर बसून खेळत असेल, रेंज गेली की पडद्यावरचा त्याचा बाहुला नुसता उभा राहतो. पुण्यातला साथीदार म्हणतो, हा मूर्ख झोपला काय? तो झोपलेला नसतो, त्याच्या मागे डोंगर असतो. कुणाची लाइट गेलेली असते, कुणाच्या हातातून आईने फोन ओढून घेतलेला असतो, कुणी अवघा दहा वर्षांचा असतो. हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट आपण पाठशाळेत चित्रासह शिकवतो. मुलांना ती या पडद्यावर लगेच पटते.

यावर अभ्यासही झाला आहे. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ नावाचा पाच-पाच जणांच्या संघांचा खेळ जगभर खेळला जातो. त्यात शिवीगाळ फार वाढली तेव्हा तो खेळ काढणाऱ्या कंपनीने मानसशास्त्राचे जाणकार नेमून शोध घेतला. त्याबद्दल ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात २०१६ साली लेख आला होता. कायम वाईट वागणारे खेळाडू साधारण एक टक्काच निघाले, आणि एकूण वाईट वागण्यात त्यांचा वाटा फक्त पाच टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचं सगळं तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांकडून होत होतं, ज्यांचा तो दिवस वाईट गेला होता. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे समोर शिव्या देणारा बहुतेक वेळा राक्षस नसतो. कुणाचा पेपर अवघड गेलेला असतो, कुणी घरून बोलणी खाऊन बसलेला असतो. आज तो, उद्या आपलाही मुलगा असू शकतो.

त्याच कंपनीने आणखी एक प्रयोग केला. डाव सुरू होण्याआधी पडद्यावर सूचना दाखवल्या. चुकलेल्या साथीदाराला बोललं तर तो आणखी वाईट खेळतो, अशा अर्थाची सूचना लाल अक्षरांत दाखवली तेव्हा शिवीगाळ कमी झाली. यात नवीन काय आहे? नवी सून पहिल्यांदा पुरणपोळी लाटते तेव्हा सासू डोक्यावर उभी राहून बोलली की पोळी फाटतेच. हे आपल्याला स्वयंपाकघरात कळतं, मुलांना खेळात कळलं पाहिजे. रागावल्याने साथीदार सुधारत नाही आणि डावही हातचा जातो.

चंडकौशिकाची कथा मी या सुट्टीत नातवाला पुन्हा सांगितली, पण या बाजूने. तो नाग होण्याच्या आधीच्या एका भवात तपस्वी साधू होता. त्याच्या पायाखाली बेडकी मेली. बरोबरच्या लहान शिष्याने आलोयणा करण्याची आठवण दिली, एकदा, दोनदा, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात पुन्हा दिली. शिष्य चूक सांगत नव्हता, पण टोचत होता. तपस्वीला राग आला, अंधारात मारायला धावला आणि खांबावर डोकं आपटून गेला. एवढं मोठं तप होतं, पण एका टोचणाऱ्या साथीदारापुढे टिकलं नाही. नातवाने विचारलं, “मग शिष्याची चूक नव्हती का? इतक्यांदा कशाला बोलायचं?” प्रश्न बरोबर आहे. असेलही थोडी. पण खांबावर डोकं कुणाचं आपटलं?

आता शांत राहणं म्हणजे काय, याबद्दल आपला एक गैरसमज आहे, तो बाजूला ठेवू या. शांत राहणं म्हणजे सगळं मुकाट्याने गिळणं असं आपल्याला शिकवलं गेलं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर जाऊन आलेल्यांना विचारा. ठसका दाबून धरला तर डोळ्यांतून येतो. तिथे काम करणाऱ्या बाया आधीच तोंडाला फडकं बांधतात. मिरचीशी त्यांचं वैर नसतं, फक्त ती श्वासात जाऊ देत नाहीत. शास्त्रात यालाच संवर म्हणतात. आस्रवाचं दार लावून घ्यायचं. आत काही आलंच नाही तर झाडून काढायचं कामही कमी.

या खेळांत ते दार आहे, त्याला ‘म्यूट’ म्हणतात. साथीदार घाण बोलू लागला की त्याचा आवाज बंद करायचा आणि खेळत राहायचं. उलट शिवी द्यायची नाही, टोमणा मारायचा नाही, जाताना शेवटचा शब्दही आपला असायला नको. मुलांना हे भित्रेपणाचं वाटतं. त्यांना सांगा, उलट उत्तर द्यायला अक्कल लागत नाही, म्यूट करायला लागते. दुसरं दार ‘रिपोर्ट’ करायचं. तक्रार रागाने करायची नाही, पण घाण बोलणाऱ्याची तक्रार करणं म्हणजे चुगली नाही. पुढच्या डावात त्याच्याबरोबर आणखी कुणाचं तरी पोर असणार आहे. तिसरं दार, सलग दोन डाव चिडून हरलास की फोन ठेवायचा. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण घरातली मर्यादा त्याहून कमीच हवी. आमच्याकडे दोन हारींनंतर उठायचं, गच्चीवर दोन फेऱ्या मारायच्या, असं ठरलं आहे. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं. तेवढा वेळ मन एका जागी बसवायला आपल्याला आयुष्य लागतं, तर पंधरा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासाच्या डावात समता कशी जमेल? दोन फेऱ्यांपासून सुरुवात करू दे.

म्यूट करण्याबद्दल एवढ्या ठामपणे लिहायला आणखी एक कारण आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी, सोळा वर्षांची, हे खेळ फार छान खेळते. ती माइक कायम बंद ठेवते आणि नाव मुलाचं लावते. का? मुलीचा आवाज ऐकला की काही साथीदार काय काय बोलतात, ते तिने आईला सांगितलं तेव्हा आईच्या हातातली चाळणी खाली पडली. नंबर माग, फोटो माग, नाही दिला की घाणेरडे शब्द. हे सगळं वर्षभर चाललं होतं आणि पोरीने घरात शब्द काढला नव्हता. का नाही सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही माझाच फोन काढून घेतला असता.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मी तुमच्यासाठी इथे लिहितेय. आपण लगेच फोन हिसकावतो. त्यातून मुलगी एवढंच शिकते की दुसऱ्याने घाण केली तरी शिक्षा मला होते, म्हणून गप्प राहावं. हे गप्प राहणं क्षमा नाही, भीती आहे. क्षमा बलवानाची असते असं महाराजसाहेब सांगतात, ती भीतीतून येत नाही. त्या आईने फोन घेतला नाही. दोघींनी बसून त्या मुलाला ब्लॉक केलं, त्याचे मेसेज जपून ठेवले, तक्रार केली. आता ती मुलगी ओळखीच्या तीन मैत्रिणींबरोबरच खेळते, आणि माइक चालू असतो. कुणी धमकी दिली, फोटोवरून त्रास दिला तर सायबर पोलिसांचा १९३० आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी जागा असतेच.

आता क्षमेच्या हिशेबाबद्दल. वाणिज्य शाखेत आम्हाला बुडीत खात्यांचं प्रकरण शिकवलं होतं. जे येणं वसूल होणार नाही हे नक्की झालं ते वर्षानुवर्षं वहीत ओढत न्यायचं नाही, बुडीत धरून खातं बंद करायचं. त्याने देणेकऱ्यावर उपकार होतो असं नाही, आपली वही खरी राहते. पाटण्याच्या त्या अनोळखी मुलाने माझ्या नातवाला उठवलं नाही. तो पुन्हा कधी भेटणार नाही, माफी मागणार नाही. ते येणं बुडालं. मग रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी शाळेत, मित्रांना सांगताना ते का ओढत न्यायचं?

आपल्याकडे क्रोधाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांना रेघांच्या उपमा आहेत. दगडावरची रेघ, जमिनीतली भेग, वाळूवरची रेघ आणि पाण्यावरची रेघ. पहिला राग जन्मभर टिकतो, दुसरा वर्षभर, तिसरा चार महिने आणि चौथा पंधरा दिवस. पाण्यावरची रेघ ओढता ओढताच मिटते, पण तिलाही शास्त्राने पंधरा दिवसांची सवलत दिली आहे, किती दयाळूपणा! राग येणारच नाही असं आपल्याकडे कुणी म्हटलेलं नाही, तो किती दिवस ठेवलास एवढंच विचारलं आहे. मुलांना हे फार आवडतं. नातू आता डाव संपल्यावर स्वतःच सांगतो, “आजी, आज वाळू.” मी म्हणते, जेवायच्या आत पाणी कर.

खेळ संपल्यावर ही मुलं एकमेकांना ‘जीजी’ असं लिहितात. मला आधी वाटलं मोठ्या बहिणीला हाक मारतोय. ते ‘गुड गेम’चं छोटं रूप आहे, डाव छान झाला अशा अर्थाचं. हरल्यावरही लिहायचं असतं, आणि खरी परीक्षा तिथेच असते. जो साथीदार चुकला त्याला ‘जीजी’ लिहून बाहेर पडणं, हे खमावणंच आहे. त्याला आपला धर्म माहीत नसेल, भाषा कळत नसेल, पण एवढं कळतं.

मुलांना एवढं सांगितल्यावर आपल्यालाही थोडं बघावं लागतं. लॉकडाऊनमध्ये २०२० साली आपण सगळ्या जणी मोबाइलवर लुडो खेळत होतो. एक कोल्हापूरला, एक सुरतेला, एक नवापूरला, आणि सोंगटी मारली म्हणून दोन सख्ख्या बहिणी आठवडाभर बोलल्या नव्हत्या, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. सारीपाटात तर समोर बसलेला आपला जोडीदार असतो. आपल्या सोंगट्या घरी पोचल्या तरी त्याच्या पोचेपर्यंत जिंकता येत नाही. जुन्या जैन घरांत पर्युषणात ज्ञानबाजी खेळायचे, चौऱ्याऐंशी घरांचा तो सापशिडीसारखा पट. कषायांच्या घरात पडलं की खाली यायचं. हसत-खेळत शिकवण्याची ही आपली जुनीच रीत आहे, फक्त पट बदलला.

स्वामीवात्सल्याच्या दिवशी भोजनशाळेत आपली चौघींची टीम असते. एक उशिरा येते, एक मधेच निघून जाते, एक नुसती सूचना देते. घरी आल्यावर आपण त्यांच्याबद्दल जे बोलतो ते मुलं दुसऱ्या खोलीत, कानात ते बोंडूक घालूनही ऐकत असतात. संवत्सरीला आपण शंभर जणींना एकदम मिच्छामि दुक्कडम पाठवतो, आणि जिच्याशी खरं भांडण झालं तिचं नाव त्या यादीत नसतं. मुलांनी अनोळखी माणसाला क्षमा करावी असं वाटत असेल, तर त्यांना ओळखीच्या माणसाला क्षमा करणारी आई आणि आजी दिसली पाहिजे.

तेव्हा या सुट्टीत दोनच गोष्टी करून बघा. मूल खेळताना चिडलं तर त्याच वेळी बोलू नका, डाव संपू द्या, मग शेजारी बसून विचारा की साथीदाराने काय केलं. पूर्ण ऐका, मधे उपदेश नको. आणि त्याने किंवा तिने काही वाईट सांगितलं तर फोनकडे हात नेऊ नका, आधी पाठीवर ठेवा. फोन कधीही काढून घेता येईल, पण एकदा मुलांनी सांगणं बंद केलं की ते सहजासहजी परत सुरू होत नाही.